शब्दवेध : अपघात

कोल्हापूरच्या पेपरांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘अपघाताची नोंद सीपीआर पोलिस चौकीत झाली.’ (सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्यालाही डॉक्टर सीपीआर म्हणतात, पण कोल्हापूरकराला आधी दवाखानाच आठवतो.)

संस्कृत ‘हन्’ म्हणजे मारणे. त्यातूनच घात, आघात, अपघात. डॉक्टरांचा ‘ट्रॉमा’ मूळ ग्रीक, अर्थ जखम. मराठीत त्याला आघात म्हणू लागलो. ‘इजा’ अरबीतून फारसीमार्गे आली. घात म्हटलं की तो करणारा कुणीतरी आलाच. आपण मात्र अपघात ‘झाला’ म्हणून मोकळे होतो, वर ‘वेळच आली होती’ हे आहेच. पोलिसांच्या कागदावर तर कैकदा ‘अकस्मात मृत्यू’. अकस्मात् म्हणजे ज्याला ‘कशामुळे’ नाही ते!

गळीत हंगामात अंधारात रस्त्याकडेला उभी उसाची ट्रॉली, मागं रिफ्लेक्टर नाही, असला तर मोळ्यांआड. तिच्यावर दुचाकी आदळली, तर त्यात अकस्मात काय? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं 2001 साली ‘अ‍ॅक्सिडेंट’ हा शब्दच आपल्या पानांतून हद्दपार केला: बहुतेक इजांचा अंदाज येतो, त्या टाळता येतात, म्हणून. आपल्या बातमीत निदान रिफ्लेक्टर होता की नव्हता, एवढं तरी छापा.