पुढच्यास ठेच, मागचा शहाणा



आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. इतिहासाचा तास संपवून मी वर्गाबाहेर पडत होतो, तेवढ्यात दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मागून आला. उसाचे बिल हाती आल्यावर त्याच्या वडिलांनी त्याला नवी मोटारसायकल घेऊन दिली होती. तो म्हणाला, "सर, गाडी नीट चालवायला शिकवील असं एखादं पुस्तक असतं का हो?" मला हसू आले. मी म्हटले, "अरे, पोहणं आणि गाडी चालवणं ही काय पुस्तकातून शिकायची गोष्ट आहे? बस गाडीवर आणि चालव!" बरोबरची मुलेही हसली. तोही हसला, आणि विषय तिथेच संपला.

त्याच पावसाळ्यात तो पडला. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल सांडला होता. वळण घेताच समोर बैलगाडी दिसली आणि ह्याने पायाचा, म्हणजे मागचा ब्रेक होता नव्हता तेवढ्या जोराने दाबला. मागचे चाक जागीच अडकले आणि गाडी घसरत गेली. जीव वाचला, पण मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले आणि कॉलेजचे वर्ष वाया गेले. इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, ब्रेक तर दाबला होता की मी."

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्याने विचारलेला प्रश्न खुळा नव्हता. मी दिलेले उत्तर खुळे होते. तेव्हापासून ह्या विषयावरची पुस्तके मी मिळवून वाचू लागलो. त्या पुस्तकांचा इतिहास आज तुमच्यापुढे थोडक्यात मांडायचा आहे. पुस्तक कसे निवडावे, ह्याचे उत्तर मला त्या इतिहासातच सापडले.

स्वार होण्याची विद्या पुस्तकात लिहिण्याची चाल काही आजची नव्हे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर एक ग्रंथ लिहिला. तो आजही वाचायला मिळतो. मौज अशी की, आपल्या आधी सायमन नावाच्या माणसाने ह्याच विषयावर लिहून ठेवले आहे, असे तो आरंभीच सांगतो. आपल्याकडे घोड्यांच्या विद्येशी शालिहोत्राचे नाव जोडलेले आहे. घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत, तो शब्द ह्याच नावावरून आला. घोड्यावर बसायचे कसे, हे तर जुन्या काळी पोराटोरांनाही ठाऊक असे. मग जाणत्यांनी ते लिहून का ठेवले?

ह्याचे उत्तर विमानाच्या जनकांपैकी एकाने, विल्बर राइटने, नकळत देऊन ठेवले आहे. राइट बंधू मूळचे अमेरिकेतल्या डेटन गावचे सायकलींचे दुकानदार. विल्बरने सायकलवाल्यांना एक साधा प्रश्न विचारून पाहिला : डावीकडे वळायचे असेल तर तुम्ही काय करता? पुष्कळांना विचारले, पण पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर देणारा एकही भेटला नाही, असे तो सांगत असे. जो तो म्हणे, हँडल डावीकडे वळवतो. वास्तविक वेगात असलेली सायकल डावीकडे न्यायची, तर हँडल आधी किंचित उजवीकडे जावे लागते. त्यामुळे सायकल डावीकडे कलते, आणि मग ती डावीकडे वळते. प्रत्येक सायकलवाला हे रोज करतो. आपण हे करतो, हे मात्र त्याला माहीत नसते. मोटारसायकलचेही अगदी असेच आहे. वेगात असताना डावी मूठ पुढे ढकलली की गाडी डावीकडे कलते.

ह्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हाताला येते ते तोंडाला सांगता येतेच असे नाही. आपल्याला गाडी शिकवतो कोण? चुलता, थोरला भाऊ, नाहीतर शेजारचा मित्र. तो उत्तम चालवीत असेल. पण स्वतः काय करतो हे त्याला ठाऊक नसले, तर तो तुम्हांला काय सांगणार? शिवाय एका माणसाच्या वाट्याला पडण्याचे प्रसंग येऊन येऊन किती येणार? त्याचे शहाणपण त्या चार प्रसंगांपुरतेच राहते. पुस्तकाचे काम इथून पुढे सुरू होते.

मोटारसायकल जन्माला आली १८८५ साली, जर्मनीत. डाइमलर आणि मायबाख ह्या दोघांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवले. पुढे लिहिलेली सुरुवातीची पुस्तके बहुतेक यंत्राचीच होती : तेल केव्हा घालावे, साखळी कशी ताणावी. यंत्र बंद पडेल ह्याची धास्ती मोठी होती. माणूस पडेल, ह्याचा विचार मागे राहिला.

तो विचार पुढे यायला एक प्रसिद्ध मरण कारण झाले. अरबस्तानातल्या लढाईमुळे नावाजलेला इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात आपल्या मोटारसायकलवरून जात होता. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो फेकला गेला, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी तो वारला. त्याच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यवैद्य होते. हळहळ सगळ्यांनाच वाटली असेल. पण केर्न्स हळहळून थांबले नाहीत. मोटारसायकलवरून पडून डोके फुटलेल्यांची माहिती ते गोळा करीत राहिले. महायुद्ध सुरू होते, लष्करी निरोपे मोटारसायकलवरून पडून मरत होते. १९४१ साली केर्न्स ह्यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून टोपाचे, म्हणजे आपण ज्याला हेल्मेट म्हणतो त्याचे महत्त्व दाखवून दिले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांना कामावर असताना टोप सक्तीचा झाला. पडलेल्या माणसाकडून शिकायचे, ही रीत इथे पडली.

दुसरी रीत लंडनच्या पोलिसांनी घातली. पोलिसांच्याच गाड्यांना फार अपघात होऊ लागले, तेव्हा १९३० नंतरच्या दशकात हेंडन येथे त्यांच्यासाठी चालकांची शाळा निघाली. १९३७ च्या सुमारास लॉर्ड कॉटनहॅम ह्या शर्यतीत मुरलेल्या गृहस्थांनी तिथल्या शिक्षणाला शिस्त आणली. त्या परंपरेतून १९५५ साली 'रोडक्राफ्ट' नावाचे पुस्तक सर्वांसाठी छापले गेले, आणि पुढे मोटारसायकलस्वारांसाठी त्याची वेगळी आवृत्ती निघाली. त्याचे सूत्र आपल्या पाढ्यासारखे आहे. पुढे काय आहे ते सतत पाहत राहायचे. मग रस्त्यावरची आपली जागा ठरवायची, मग वेग, मग गिअर, आणि शेवटी गाडी पुढे काढायची. ह्या क्रमाने गेले की वेग वळणाच्या आधीच कमी होतो, वळणात ब्रेक दाबायची पाळी सहसा येत नाही. माझ्या विद्यार्थ्याने हा एवढा पाढा म्हटला असता, तर बैलगाडी दिसण्यापूर्वीच त्याची गाडी सावकाश झाली असती.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी १९७० नंतरच्या दशकात एका विलक्षण कामाला लागले. लॉस एंजलीस भागात मोटारसायकलचा अपघात झाला की ते त्या जागी जाऊन उभे राहत. घसरल्याच्या खुणा मोजत, टोप तपासत, साक्षीदारांना विचारत. असे नऊशेहून अधिक अपघात त्यांनी पाहिले, आणि १९८१ साली त्यांचा अहवाल निघाला.

त्यातल्या गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. अपघात झालेल्या शंभर स्वारांपैकी ब्याण्णव जण आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. संकट दिसल्यापासून आदळेपर्यंत स्वाराच्या हाती बहुधा दोन सेकंदसुद्धा नसत. तेवढ्यात गडबडून तो मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवी, आणि पुढचा ब्रेक हवा तेवढा वापरीतच नसे.

श्रोते हो, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून स्वस्थ बसलो. कॅलिफोर्नियात १९८१ साली छापलेले ते वाक्य म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचीच हकीकत होती!

मागचा ब्रेक दाबून गाडी का थांबत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. भरलेली बैलगाडी उताराला लागली की ओझे पुढे येते आणि बैलांच्या मानेवर भार पडतो. ब्रेक दाबल्यावर मोटारसायकलचेही तसेच होते. भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके पडते. म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढच्या चाकाचे. तो ब्रेक हिसका देऊन नव्हे, हळूहळू दाब वाढवीत, शक्य तो गाडी सरळ उभी असताना वापरायचा, आणि मागच्याची जोड द्यायची. पण हे कळून भागत नाही. दोन सेकंदांत आठवायला वेळ नसतो. हाताला सवयच हवी.

ह्यानंतर पुस्तके पुष्कळ निघाली. कीथ कोड ह्यांचे 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' १९८३ सालचे. त्यांचा एक दृष्टांत मला फार आवडला. लक्ष म्हणजे खिशातली दहा डॉलरची नोट. नवशिक्याची सगळी नोट क्लच आणि गिअर ह्यांवरच खर्च होते, मग रस्ता पाहायला काय उरणार? सराव वाढला की त्या कामाला चार आणे पुरतात आणि बाकीचे लक्ष शिल्लक राहते. मात्र हे पुस्तक मुळात शर्यतीच्या स्वारांसाठी आहे. तिथे समोरून म्हैस येत नाही! डेव्हिड हफ ह्यांचे २००० सालचे 'प्रोफिशियंट मोटरसायकलिंग' रस्त्यावरच्या माणसासाठी आहे. अनेक वर्षे एका नियतकालिकात लिहिलेल्या लेखांतून ते तयार झाले. त्यात चौक आहेत, खडी आहे, अंगावर धावून येणारी कुत्रीसुद्धा आहेत.

मग पुस्तक निवडताना काय पाहावे?

पहिले, ते कारण सांगते का. नुसते "सावकाश चालवा" हे पाटीवरही लिहिलेले असते. सावकाश कुठे, किती आधी आणि का, हे जे सांगते ते पुस्तक. दुसरे, ते कोणाच्या जोरावर बोलते. लेखकाने आपले पराक्रम सांगितले आहेत, की शेकडो पडलेल्यांची हकीकत गोळा केली आहे? तिसरे, रस्ता कोणता. ब्रिटिश पुस्तक आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालते. अमेरिकन पुस्तक वाचताना डाव्याचे उजवे करून घ्यावे लागते. तिथे समोरची मोटार डावीकडे वळताना आडवी येते, आपल्याकडे ती उजवीकडे वळताना येते. चौथे, साल कोणते. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी किंवा दोन्ही ब्रेक जोडून लावणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. जुन्या पुस्तकातली ब्रेकची माहिती जुन्या गाडीला पुरी लागू पडेल. नव्या गाडीसाठी तिच्याबरोबर मिळालेली पुस्तिकाही वाचावी. ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही.

आणि एका वेळी एकच प्रकरण वाचावे. वाचलेले मोकळ्या मैदानावर कमी वेगाने करून पाहावे, मग दुसरे प्रकरण उघडावे.

हा विषय हौसेचा वाटेल, पण तो तसा नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारी अहवाल सांगतो. त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. टोप नसलेले मृत त्या एका वर्षात पन्नास हजारांवर होते. केर्न्स ह्यांनी लेख लिहिला त्याला तेव्हा एक्याऐंशी वर्षे झाली होती!

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. मी सांगितलेली पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि ज्याला त्यांची गरज आहे त्याला ती वाचता येतीलच असे नाही. गावात ती वाचून सांगणारे तुम्हीच आहात. गिअरच्या गाडीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, पण मुलगा सायकल आठव्या वर्षीच चालवतो. पुढचा आणि मागचा ब्रेक ह्यांतला फरक शाळेच्या मैदानावर सायकलवरसुद्धा दाखवता येतो. त्याला खर्च पडतो तो चुन्याच्या दोन रेघांचा.

माझा तो विद्यार्थी आता तालुक्याच्या गावी बी-बियाण्यांचे दुकान चालवतो. चालताना थोडा लंगडतो. गेल्या दिवाळीत घरी आला होता. त्याची धाकटी बहीण परिचारिका झाली आहे आणि रोज बावीस किलोमीटर दुचाकीने जाते-येते. चहा घेताना तो म्हणाला, "सर, तिच्यासाठी एखादं पुस्तक सांगा ना." मी उठलो, कपाटातून पुस्तक काढले आणि ब्रेकचे प्रकरण उघडून त्याच्यापुढे ठेवले. रविवारी बहिणीला घेऊन आमच्या कॉलेजच्या मैदानावर ये, असेही सांगितले. ती दोघे आली. तिचा पुढचा ब्रेक पहिल्या दहा वेळा चुकला, अकराव्या वेळी जमला.