गठ्ठ्यापासून दप्तरापर्यंत

पाठ्यपुस्तक म्हटले की आपल्याला धडे आठवतात, कविता आठवतात. ते पुस्तक आपल्या हाती कसे आले, हे सहसा कुणी विचारत नाही. पुस्तकांची मागणी, साठा, वाटप आणि त्यांचा हिशेब हा या छोट्या ग्रंथाचा विषय आहे. तो रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तरी वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

बालभारती या महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापना १९६७ साली पुण्यात झाली आणि राज्यातील मुलांच्या हाती एकसारखी, परवडणारी पुस्तके पडू लागली. आज समग्र शिक्षा योजनेतून शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना ती मोफत मिळतात. पुस्तके बालभारतीच्या भांडारातून तालुक्याला येतात, तिथून केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, आणि केंद्रातून शाळेला. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी मोजून घेतो, कुणीतरी पोच देतो.

अडचण मोजणीत कमी, अंदाजात जास्त असते. मागणी यू-डायस या शाळांच्या माहिती-नोंदणी प्रणालीवरील आधीच्या पटावरून ठरते. मुले मात्र जूनमध्ये नव्याने दाखल होतात. एका शाळेत दहा संच उरतात, शेजारच्या गावात पाच कमी पडतात. जत किंवा अक्कलकोटसारख्या सीमेवरच्या तालुक्यांत मराठीबरोबर कन्नड माध्यमाचा हिशेबही वेगळा ठेवावा लागतो. २०२३-२४ मध्ये प्राथमिक वर्गांची पुस्तके चार भागांत आली. दप्तर हलके झाले, पण नोंदवहीतले रकाने वाढले: पहिला भाग मिळालेल्या मुलाला तिसरा मिळाला का, हेही तेव्हा पाहावे लागे.

जूनमधली एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. टेम्पो शाळेसमोर उभा आहे. मुख्याध्यापक सुतळी सोडून गठ्ठे मोजताहेत. चौथीचा एक संच कमी भरतो. पोचपावतीवर ‘पूर्ण मिळाले’ असे लिहून मोकळे होणे सोपे असते. जे मुख्याध्यापक ‘एक संच कमी’ असे लिहून खाली सही करतात, त्यांच्यामुळे केंद्रप्रमुखांना शेजारच्या शाळेतला उरलेला संच इकडे वळवता येतो. उत्तरदायित्वाचा अर्थ एवढ्या एका ओळीत सामावलेला आहे. खरी लिहिलेली तूट भरून निघते. झाकलेली तूट वर्षभर एका मुलाच्या वाट्याला येते.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांनी तक्ते आणि परिपत्रके थोडी मागे ठेवावीत. आधी जवळच्या शाळेत जा, वाटप नोंदवही मागून घ्या आणि मुलांच्या सह्यांचे पान उघडा. तिथून केंद्र, तालुका, जिल्हा असे उलट्या दिशेने चढत गेलात, तर प्रत्येक रकाना कशासाठी आहे ते आपोआप उमगेल. पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे.

हजारो शिक्षक आणि केंद्रप्रमुख दर जूनमध्ये हे काम गाजावाजा न करता पार पाडतात. त्यांच्या नोंदी आदराने वाचा. पुस्तकाचा हिशेब गठ्ठा उतरल्यावर मिटत नाही. ते मुलाच्या दप्तरात गेले, की मगच तो पुरा होतो.