लेचवर्थ : एका उद्याननगरीची कथा

लंडनच्या उत्तरेस, हर्टफर्डशायर परगण्यात, लेचवर्थ हे टुमदार नगर आहे. झाडांनी शोभिवंत झालेले रुंद रस्ते, बागांनी वेढलेली घरे आणि वस्तीपासून अलग राखलेले कारखाने पाहून प्रवासी प्रसन्न होतो. तथापि या नगराचे मर्म त्याच्या जमिनीच्या मालकीत आहे.

नगराचा कल्पक एबेनेझर हॉवर्ड हा स्थापत्यविशारद नव्हता, धनिकही नव्हता. पार्लमेंटातील भाषणांचे लघुलेखन करून तो चरितार्थ चालवी. एकीकडे लंडनमधील कोंदट वस्त्या, दुसरीकडे ओस पडत चाललेली खेडी! १८९८ साली त्याने यावरील आपली योजना ग्रंथरूपाने मांडली. शेतीच्या भावाने जमीन घ्यावी, तीवर बत्तीस हजार वस्तीचे नगर वसवावे आणि भोवती शेतीचा पट्टा कायम राखावा. वस्ती वाढली की जमिनीचे मोल चढते. ही वाढ सर्वांच्या वास्तव्यामुळे होते. म्हणून ती सर्वांच्याच पदरी पडावी, असे त्याचे म्हणणे होते.

१९०३ साली कंपनी स्थापन होऊन सुमारे ३,८०० एकर जमीन खरेदी झाली. बॅरी पार्कर व रेमंड अन्विन यांनी आराखडा केला. भागधारकांच्या लाभांशावर पाच टक्क्यांची मर्यादा होती. १९०५ साली स्वस्त घरांचे प्रदर्शन भरले. दीडशे पौंडांत कष्टकऱ्याचे घर उभारून दाखवावे, हा त्याचा हेतू. गावात मद्यविक्रीस बंदी होती. १९०७ सालचे ‘स्किटल्स इन’ हे मद्याविना चालणारे पांथगृह लंडनकरांच्या थट्टेचा विषय झाले.

खरी कसोटी पुढे लागली. लाभांशाची मर्यादा सैल झाली, आणि १९६०च्या सुमारास जमिनीच्या वाढलेल्या मोलावर डोळा ठेवून एका बाहेरच्या कंपनीने भागभांडवल हस्तगत केले. नगर विकले जाणार, या भीतीने रहिवासी व नगर परिषद पार्लमेंटाकडे गेली. १९६२ च्या कायद्याने ही मालमत्ता सार्वजनिक महामंडळाकडे आली. १९९५ पासून ती एका लोकहितकारी प्रतिष्ठानाकडे आहे. तिचे उत्पन्न नगराच्याच कामी येते.

सारेच हेतू तडीस गेले नाहीत. १९६७ च्या कायद्याने भाडेपट्टेदारांना घराखालील जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली. कित्येक रहिवासी आज नोकरीसाठी आगगाडीने लंडन गाठतात. मात्र २०११ च्या जनगणनेत नगराची वस्ती तेहतीस हजारांवर, म्हणजे हॉवर्डच्या अंदाजाजवळच भरली. बागा, रस्ते यांचे अनुकरण अनेक देशांनी केले. जमिनीविषयीचा त्याचा मूळ विचार मात्र फारच थोड्यांनी उचलला.