सहा बाय चार फुटांचे दौंड

पुणे जिल्ह्यातली दौंड आणि शिरूर ही दोन गावे माझ्या आयुष्यात एकमेकांसमोर उभी आहेत. दौंडला रेल्वेने मोठे केले. शिरूर, म्हणजे आमची घोडनदी, इंग्रजांच्या काळात लष्करी छावणीचे ठिकाण होते, पण गावात रेल्वे काही आली नाही. माझे बालपण दौंडच्या रेल्वे चाळीत गेले आणि संसार शिरूरला झाला. इथे रात्री ट्रकांचे हॉर्न ऐकू येतात, इंजिनाची शिटी ऐकू येत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी एक पोरखेळ केला. प्लायवूडच्या सहा बाय चार फुटांच्या फळीवर दौंड जंक्शन उभारायला घेतले.

याचे वेड लागले ते पुण्यात. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभारले आहे. 1998 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तिथे एका खोलीत अख्खे शहर वसले आहे. गाड्या पळतात, सिग्नल बदलतात, दिवे मंद होतात आणि त्या चिमुकल्या शहरात रात्र उतरते. शेजारी बसलेली मुले टाळ्या वाजवत होती आणि मीही वाजवत होतो.

अशा छोट्या रेल्वेचे एक प्रचलित माप आहे, एकास सत्त्याऐंशी. खऱ्या गाडीचे सत्त्याऐंशी मीटर म्हणजे फळीवरचा एक मीटर. हिशेब सोपा वाटतो, पण खरी गंमत आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. खरा प्रवासी डबा सुमारे एकवीस मीटरचा असतो, तो फळीवर चोवीस सेंटिमीटरचा होतो. अठरा डब्यांची गाडी करायची तर चौदा फूट जागा हवी. माझ्याकडे सहाच फूट! म्हणजे माझी मेल तीन डब्यांची. आपल्या ब्रॉडगेजला 175 मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण चालत नाही. ते मापाने करायचे तर नुसते वळायला तेरा फुटांची खोली लागेल. माझी गाडी अठरा इंचांत वळते.

आणखी एक गोष्ट. बाजारात मिळणारे या मापाचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे असतात. ते युरोपातल्या गेजचे माप झाले. आपली ब्रॉडगेज त्याहून रुंद, 1676 मिलिमीटरची. लॉर्ड डलहौसीच्या आग्रहाने ती इथे आली. त्यामुळे माझी दौंडची गाडी विलायती रुळांवर जरा अंग चोरूनच उभी असते.

तरी आनंद कमी नाही. मी कविता लिहिणारा माणूस. थोड्या जागेत बसवायचे म्हणजे काय, हे मला शेराने शिकवले. दोन ओळींत सगळे येत नाही, म्हणून काय ठेवायचे ते नीट ठरवावे लागते. मी पाण्याचा स्तंभ ठेवला, कारण वाफेची इंजिने तिथे पाणी पीत असत. चहाची टपरी ठेवली. भीमा नदी मात्र निळ्या रंगाच्या एका पट्ट्यावर भागवली.

मग आला मनमाडचा फाटा, आणि दौंडचा सगळा इतिहास आडवा आला. मुंबई-ठाणे गाडी 1853 मध्ये धावली. 1858 अखेर रूळ पुण्यावरून दौंडला पोहोचले. तेव्हा बोरघाटाचे काम पुरे झालेले नव्हते. प्रवासी घाट पालखीतून किंवा तट्टावरून ओलांडत. घाटातली वाट 1863 मध्ये खुली झाली. त्या घाटात हजारो मजूर मेले, त्यांतल्या कुणाचे नाव आपल्याला पाठ आहे? पुढे 1876-77 चा दुष्काळ पडला. भुकेल्या माणसांना दुष्काळी कामे म्हणून दौंड-मनमाड मार्गाच्या मातीकामावर लावले गेले आणि 1878 मध्ये तो मार्ग सुरू झाला. माझ्या फळीवरचा भराव थर्माकोलचा आहे. एका दुपारी सुरीने कापला.

हा मार्ग दौंडला अशा बाजूने मिळतो, की पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडात तोंड फिरवावे लागे. इंजिन सोडायचे, दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचे. अलीकडे ‘दौंड कॉर्ड लाइन’ हे वेगळे स्थानक झाले आणि बऱ्याच गाड्या दौंड जंक्शनात न शिरता परस्पर निघून जातात. तो नवा जोडमार्गही मी फळीवर टाकला. रुळांचा त्रिकोण पुरा झाला आणि ट्रान्सफॉर्मरने मान टाकली. छोट्या गाडीला वीज रुळांतूनच मिळते, एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण. त्रिकोणातून गाडी फिरली, की डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्टसर्किट होते. रूळ मधे कापून तिथे विजेची दिशा उलटवणारे बटण लावावे लागले. महिनाभर खपलो, पण गाडी फिरली.

त्या आनंदात मी अब्बांना वरच्या खोलीत आणले. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. दौंडला ते सांधेवाले होते, पॉइंट्समन. थंडीच्या रात्री कंदील घेऊन जात आणि पहाटे ग्रीसच्या वासाचे हात घेऊन परत येत. त्यांनी चष्मा पुसला, पाण्याचा स्तंभ ओळखला, हसले. मग इंजिन बोटाने हलकेच मागे ढकलले. ते डब्याला टेकले आणि टक् करून आपोआप जुळले.

“बेटा,” अब्बा म्हणाले, “हे तर माणसाशिवायच जुळतं.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण त्यांची सगळी नोकरी त्या ‘टक्’मध्ये गेली होती. खऱ्या दौंडात दोन बफरांच्या मधे वाकून, जड साखळी उचलून, स्क्रू आवळणारा माणूस लागायचा. मी स्तंभ ठेवला, टपरी ठेवली आणि ज्याच्या पगारावर शिकलो तोच विसरलो. फळी लहान होती म्हणून नव्हे. अब्बांना दोन सेंटिमीटर जागा पुरली असती.

मला वाटते, इतिहासाचेही असेच होते. तोही मोठ्या गोष्टीचे लहान माप आहे. काहीतरी गाळावेच लागते, त्याला इलाज नाही. पण जे गाळले जाते ते नेहमी जागेअभावीच, असे समजू नये. पहिली गाडी, गव्हर्नर, तोफांची सलामी यांना जागा मिळते. घाट फोडणारा आणि भराव टाकणारा मजूर मात्र राहून जातो.

अब्बा आता नाहीत. काड्यापेटीच्या काडीला रंग देऊन मी एक माणूस केला आणि इंजिन व पहिल्या डब्याच्या मधे चिकटवला. आता ते दोन्ही जुळत नाहीत. नातवंडे म्हणतात, नाना, गाडी चालवा ना. दुसऱ्या रुळावरची गाडी मी त्यांना चालवून दाखवतो. ही मात्र उभी असते, अब्बांचे काम होईपर्यंत.