लठ्ठ उंदीर आणि हरवलेला सिग्नल

कुर्डुवाडीसारख्या जंक्शनच्या गावात राहणाऱ्याला सिग्नल म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नाही. गाडी थांबायला हवी होती आणि थांबली नाही, तर एक तर सिग्नल दिलाच गेला नाही किंवा दिला, पण ड्रायव्हरला दिसला नाही. लठ्ठपणाच्या संशोधनाचा इतिहास याच दोन शक्यतांभोवती फिरतो.

१९४९ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर विलक्षण लठ्ठ निघाले. ते खातच राहत; वजन साध्या उंदराच्या तिपटीपर्यंत जाई. १९६६मध्ये तिथंच दुसरा लठ्ठ वाण सापडला, त्याला मधुमेहही होता. डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदीर शस्त्रक्रियेनं असे जोडले, की एकाचं रक्त दुसऱ्यात जावं. प्रयोग क्रूर खराच. मधुमेही उंदराला जोडलेल्या साध्या उंदरानं खाणं सोडलं आणि तो उपासमारीनं मेला. मधुमेही मात्र खातच राहिला. पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर त्याला जोडला, तर त्याचंही खाणं सुटलं. कोलमन यांनी ताडलं, की पहिल्या वाणात ‘पुरे’ सांगणारा निरोपच तयार होत नाही. दुसऱ्यात तो भरपूर आहे, पण ऐकू येत नाही.

हा निरोप्या १९९४मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला सापडला. लेप्टिन हे ते प्रथिन. ते चरबीच्या पेशींतूनच निघतं आणि मेंदूतल्या पेशींना साठ्याची खबर देतं. मग लेप्टिन टोचा आणि बारीक व्हा, अशी आशा पसरली. ती फोल ठरली, कारण बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच जास्त असतं. तरीही आपण त्यांना ‘तोंडावर ताबा नाही’ असं सुनावतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता आपल्या पुण्याकडे या. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखंच, बॉडी मास इंडेक्स २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळं तपासली होती. त्यांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. हातपाय, पोट किरकोळ. पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच. पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्तही तपासलं गेलं. वजनाच्या मानानं पाहिलं, तर लेप्टिन आपल्याच बाळांत जास्त होतं.