दोन हजार शब्दांची शिदोरी

विम्याचे हप्ते भरतां भरतां एखाद्या संसारावर अडचण येते आणि पुढचे हप्ते भरणें अशक्य होतें. अशा वेळीं करार मध्येंच सोडून दिला, तरी भरलेलें सगळेंच बुडत नाहीं; नियमाप्रमाणें कांहीं रक्कम पदरांत पडते. विम्याच्या धंद्यांत तिला ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात, आणि सुशिक्षित घरांत ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु शाळेच्या बाबतींत असा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. अनेक वर्षांचा अभ्यासक्रम ज्या मुलानें दुसऱ्या-तिसऱ्या वर्षींच सोडला, त्याच्या पदरांत काय पडलें? इंग्रजीच्या शिक्षणासंबंधीं हा प्रश्न सुमारें शंभर वर्षांपूर्वीं ढाक्याच्या एका शिक्षकानें विचारला. परभाषिकांना इंग्रजी शिकविण्याचीं पुढें जीं साधनें निघालीं, त्यांची पारख आजहि याच प्रश्नानें करतां येते.

या शिक्षकाचें नांव मायकेल वेस्ट. हिंदुस्थानांत शिक्षणखात्याच्या नोकरीस येऊन ते ढाक्याच्या शिक्षक-महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि १९२६ सालीं बंगालमधील द्विभाषिक शिक्षणावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रत्येक शिक्षणक्रमास विम्यासारखी ‘सरेंडर व्हॅल्यू’ असली पाहिजे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. बंगालमधील स्थिति त्यांनीं जवळून पाहिली होती. शाळेंत आलेल्या मुलांपैकीं पुष्कळशीं वरच्या इयत्तांपर्यंत पोंचतच नसत, आणि जीं मध्येंच गळत त्यांना इंग्रजी धड बोलतां येत नसे व धड वाचतांहि येत नसे. खेड्यांत परतलेल्या मुलाला इंग्रजी बोलण्याचा प्रसंग क्वचितच येणार. परंतु शास्त्रीय व व्यावहारिक माहितीचीं पुस्तकें त्या काळीं बहुतांशीं इंग्रजींतच होतीं. तेव्हां प्रथम मुलाला वाचतां येऊं द्यावें, असा वेस्ट यांचा आग्रह होता. थोड्या शब्दांत लिहिलेलें पुस्तक वाचण्याची एकदां संवय लागली, कीं शाळा सुटली तरी वाचन सुटत नाहीं, हा त्यामागील हिशेब.

मग अडचण कोठें होती? ती पाठ्यपुस्तकांतच होती. वाचनमालांतून नवे शब्द फार दाट येत, आणि एकदां भेटलेला शब्द पुढें कित्येक पानें पुन्हा दिसत नसे. मुलानें कोश उघडावा, समासांत अर्थ लिहावा आणि दुसऱ्या दिवशीं तो विसरावा, असा क्रम चाले. वेस्ट यांनीं यावर दोन साधे नियम योजिले. क्वचित वापरांत येणाऱ्या शब्दाच्या जागीं नेहमींचा शब्द घालावा. आणि नवा शब्द आला कीं तो थोड्या थोड्या अंतरानें पुन:पुन: भेटेल, अशी रचना करावी. या धोरणानें लिहिलेल्या त्यांच्या ‘न्यू मेथड’ वाचनमाला पुढें अनेक देशांतील शाळांतून चालल्या.

त्याच सुमारास दूर जपानमध्येंहि हेंच काम चाललें होतें. हॅरल्ड पामर यांनीं १९२३ सालीं टोकिओ येथें इंग्रजीच्या अध्यापनाच्या संशोधनासाठीं संस्था काढली. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी व इतर यांनीं परभाषिक विद्यार्थ्यांकरितां रचलेला कोश १९४२ सालीं टोकिओंत छापला गेला आणि १९४८ मध्यें ऑक्सफर्डनें तो पुन्हा काढला. पुढें विद्यार्थ्यांचा म्हणून जो जाडजूड ऑक्सफर्ड कोश मराठी घरांतूनहि दिसूं लागला, त्याचें मूळ तेथें आहे.

शब्द निवडावयाचे हें ठरल्यावर, किती निवडावयाचे, हा वाद सुरू झाला. १९३० सालीं सी. के. ऑग्डन यांनीं अवघ्या ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. १९४३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील भाषणांत विन्स्टन चर्चिल यांनीं तिचा पुरस्कार केला, तेव्हां तिचा बराच बोलबाला झाला. परंतु शब्द कमी झाले म्हणजे भाषा सोपी होतेच, असें नाहीं. ऑग्डन यांनीं क्रियापदें अठरांवर आणलीं. त्यामुळें एकेका क्रियेसाठीं दोन-तीन लहान शब्द जोडावे लागत. ‘गिव्ह’ आणि ‘अप’ हे दोन्ही शब्द मुलाला ठाऊक असतात. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें, हें त्या दोहोंच्या अर्थांवरून त्याला कसें कळावें? १९३४ सालीं न्यूयॉर्क येथें व १९३५ सालीं लंडन येथें भरलेल्या बैठकींत वेस्ट, पामर वगैरे जाणत्या मंडळींनीं या प्रश्नाचा खल केला. त्या कामाचें अखेरचें फळ म्हणजे १९५३ सालीं वेस्ट यांनीं प्रसिद्ध केलेली सुमारें दोन हजार शब्दांची यादी. पन्नास लाख शब्दांच्या मजकुरांत कोणता शब्द कितीदां व कोणत्या अर्थानें आला, याची मोजणी त्या यादीच्या पाठीशीं होती. सामान्य इंग्रजी मजकुरांतील शंभर शब्दांपैकीं सुमारें ऐंशी याच दोन हजारांतले निघतात. प्रवासाला निघालेल्या मुलाला द्यावयाची शिदोरी किती, याचें हें पहिलें भरंवशाचें माप होय.

छापील पुस्तकाला एक उणीव मात्र होती. त्याला आवाज नव्हता. महाराष्ट्रांत द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर-पाठमालेवर कित्येक पिढ्यांनीं इंग्रजी गिरविली. मराठी वाक्याचें इंग्रजी आणि इंग्रजी वाक्याचें मराठी करीत करीत घरच्या घरीं पुढें सरकतां येई, हा त्या पाठमालेचा मोठा उपकार. पण ज्यानें इंग्रज माणसाचें बोलणें कधीं ऐकलेंच नाहीं, त्याला उच्चार अक्षरांवरूनच बसवावा लागे, आणि इंग्रजींत अक्षरांचें व उच्चाराचें नेहमीं जमतेंच असें नाहीं. ‘नाइफ’ या शब्दाच्या आरंभीं ‘के’ लिहितात, पण बोलत नाहींत, हें पुस्तक सांगूं शकतें. ऐकवूं शकत नाहीं.

ही उणीव नभोवाणीनें भरून काढली. दुसरें महायुद्ध चालू असतांनाच १९४३ सालीं बी.बी.सी.नें ‘इंग्लिश बाय रेडिओ’ हे पाठ सुरू केले. १९ ऑक्टोबर १९५९ रोजीं ‘व्हॉईस ऑफ अमेरिका’नें ‘स्पेशल इंग्लिश’ या नांवाखालीं निराळ्याच धर्तीचें प्रक्षेपण आरंभिलें. त्यांत सुमारें १५०० शब्दांचीच योजना असे. वाक्यें आंखूड असत, एका वाक्यांत एकच कल्पना असे, आणि वाचनाचा वेग नेहमींच्या दोन-तृतीयांश ठेवलेला असे. ढाक्यांत पुस्तकांसाठीं जी निवड झाली, तशीच निवड येथें आवाजासाठीं झाली. पुढें दूरचित्रवाणीहि या कामीं आली. बी.बी.सी.ची ‘फॉलो मी’ ही मालिका १९८२ सालीं चीनमध्यें दाखविली जाऊं लागली, आणि परकी भाषेपासून बरींच वर्षें दूर राहिलेल्या त्या देशांत लक्षावधि लोक ठरलेल्या वेळीं पडद्यासमोर बसूं लागले. मात्र वेळ चुकली कीं पाठ चुकला, आणि श्रोत्यानें घरीं चुकीचा उच्चार केला तर तो सुधारणारें कोणी नव्हतें. या दोन अडचणी नभोवाणीला वा दूरचित्रवाणीला दूर करतां आल्या नाहींत.

एप्रिल १९९३ मध्यें ‘सर्न’ या युरोपीय संशोधनसंस्थेनें वर्ल्ड वाइड वेब सर्वांस विनामूल्य खुलें केलें, आणि थोड्याच वर्षांत इंग्रजीचे विद्यार्थी व शिक्षक यांच्यासाठीं पाठांचा व सरावांचा मोठा सांठा इंटरनेटवर जमला. २००५ सालीं यूट्यूब आलें. २०१२ सालीं ड्युओलिंगो सर्वांस खुलें झालें. जो आवाज ऐकण्यासाठीं नभोवाणीची कळ फिरवीत बसावें लागे, तो आतां मागाल तेव्हां व हवा तितक्यांदां ऐकूं येऊं लागला. २०२२ सालच्या अखेरीपासून तर संभाषण करणारीं व चूक दाखविणारीं यंत्रेंहि सामान्य माणसाच्या हातीं आलीं. ज्या दोन अडचणींपुढें नभोवाणीनें हात टेकले होते, त्या बऱ्याच अंशीं दूर झाल्या.

येथेंच जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. दुष्काळ संपला आणि महापूर आला. पण महापुरांतहि पिण्याचें पाणी शोधावेंच लागतें. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या हू व नेशन यांच्या अभ्यासांत असें दिसून आलें, कीं कोणाच्या मदतीवांचून गोष्ट नीट समजण्यासाठीं वाचणाऱ्याला शंभरांतले सुमारें अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. नवशिक्या मुलापुढें इंटरनेटवरील वाटेल तें पान उघडून ठेवलें, तर दहा शब्दांच्या ओळींत दोन-तीन शब्द त्याला अंधारांतच राहतात, आणि ओळीचा गाभा नेमका त्यांतच दडलेला असतो. ढाक्याच्या मुलाची जी अवस्था जुन्या वाचनमालेनें केली, तीच या मुलाची होते. फरक इतकाच, कीं पूर्वीं पुस्तक एक होतें, आतां पानें अगणित आहेत.

सुदैवानें निवडीचीं साधनेंहि त्याच महापुरांत सांपडतात. २००१ सालीं निघालेला विकिपीडियाचा सोप्या इंग्रजींतील ज्ञानकोश लिहितांना लेखकांना ऑग्डन यांच्या शब्दांचा आधार सुचविला गेला. चर्चिल यांच्या भाषणानंतर हळूहळू मागें पडलेली ती यादी अशी पुन्हा कामास आली. वेस्ट यांच्या यादीस साठ वर्षें झालीं त्या २०१३ सालीं, सत्तावीस कोटींहून अधिक शब्दांच्या संग्रहावरून केलेली सुमारें २८०० शब्दांची नवी यादी विनामूल्य प्रसिद्ध झाली. सामान्य मजकुरांतील शंभरांपैकीं सुमारें ब्याण्णव शब्द तिच्यांत येतात. माँट्रियल येथील टॉम कॉब यांनीं इंटरनेटवर उभारलेल्या ‘कॉम्प्लीट लेक्सिकल ट्यूटर’ या साधनांत एखादा उतारा घातला, कीं त्यांतील नेहमींचे शब्द कोणते व दुर्मिळ कोणते, हें निरनिराळ्या रंगांत क्षणांत दिसतें. वेस्ट यांच्या पिढीनें ज्या मोजणीसाठीं वर्षें घालविलीं, ती एखाद्या तालुक्याच्या गांवचा शिक्षकहि आज मधल्या सुट्टींत करूं शकेल.

हें काम करणें अगत्याचें कां, याचें उत्तर पुन्हा गळतीकडेच नेतें. २०१५ सालीं ब्रिटिश कौन्सिलनें ‘फ्यूचरलर्न’वर चालविलेल्या इंग्रजी परीक्षेच्या तयारीच्या अभ्यासक्रमास चार लाखांहून अधिक लोकांनीं नांवें घातलीं. अशा खुल्या अभ्यासक्रमांचा सर्वसाधारण अनुभव असा, कीं नांव घालणारे फार आणि शेवटापर्यंत जाणारे थोडे. त्यांतील बहुतेकांना दोष देण्याचें कारण नाहीं. नोकरी, घर, आजार, कंटाळा हीं जुनींच कारणें आहेत. खरा प्रश्न इतकाच, कीं चौथ्या पाठास थांबलेल्याच्या पदरांत तीन पाठांचें कांहीं पडलें कीं नाहीं. सातव्या पाठावांचून पहिल्या सहांचा उपयोग नाहीं अशी ज्याची रचना, तो अभ्यासक्रम दिसण्यांत कितीहि देखणा असला तरी ढाक्याच्या कसोटीस उतरत नाहीं.

महाराष्ट्रांत हा प्रश्न लाखों घरांचा आहे. २००० सालापासून राज्यांतील शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी विषय आला. २०१७ सालीं केंद्र सरकारनें ‘दीक्षा’ हें शैक्षणिक संकेतस्थळ सुरू केलें, आणि बालभारतीच्या पुस्तकांतील चौकोनी चिन्हावर मोबाईल धरला कीं तेथील पाठ उघडूं लागला. २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां या साधनांचें महत्त्व आणि त्यांची मर्यादा, दोन्ही घरोघर कळलीं. जेथें मोबाईल एक आणि मुलें तीन, तेथें प्रत्येकाच्या वांट्याला थोडाच वेळ आला. त्या थोड्या वेळांत कोणते वीस शब्द, कोणता एक उतारा, कोणाचा आवाज ऐकावा, हें ज्या मुलाला शिक्षकानें आधींच नेमून दिलें होतें, त्याचा वेळ शोधाशोधींत गेला नाहीं.

दूरच्या भांडारावर सर्वस्वीं विसंबणेंहि शहाणपणाचें नाहीं. मार्च २०२५ मध्यें ‘व्हॉईस ऑफ अमेरिका’च्या बहुतेक कर्मचाऱ्यांना रजेवर पाठविण्यांत आलें आणि तिचीं बहुतेक प्रक्षेपणें थांबलीं. पासष्ट वर्षांपूर्वीं तिनें सुरू केलेल्या संथ, स्पष्ट इंग्रजीवर जगभर ज्यांनीं कान तयार केले होते, त्यांना एका सरकारच्या निर्णयानें काय होऊं शकतें, हें तेव्हां दिसलें. ज्या शिक्षकानें चांगले पाठ वेळींच निवडून, उतरवून, आपल्या शाळेच्या कपाटांत ठेवले असतील, त्याच्या विद्यार्थ्यांचें यांत कांहीं गेलें नाहीं.

वेस्ट यांच्या काळचें ढाका आतां स्वतंत्र बांगलादेशाची राजधानी आहे, आणि त्यांच्या वाचनमाला जुन्या पुस्तकांच्या कपाटांत गेल्या आहेत. पण सांजवेळीं हातांत मोबाईल धरून एकटीच इंग्रजीशीं झुंजणारी एखादी मुलगी उद्यांच शिक्षण सोडणार नाहीं, याची हमी आज तरी कोण देईल? तिला सगळें भांडार दाखविणारे पुष्कळ आहेत. तिच्या पदरांत कोठेंहि थांबली तरी पुरेल एवढी शिदोरी बांधून देणारें माणूस तिला हवें आहे, आणि तें काम अजूनहि शिक्षकाचेंच आहे.