गिरणीतील साचेखाते आणि अस्पृश्यता : १९२८ ते १९३८ या काळातील कामगार ऐक्याचा एक अभ्यास

प्रास्ताविक :
मुंबईच्या गिरणी कामगार चळवळीचा इतिहास प्रामुख्याने संप, मागण्या आणि नेतृत्व यांच्या आधारे मांडला जातो. परंतु गिरणीच्या आत कामाची विभागणी कशी होती, या प्रश्नाकडे पाहिल्याशिवाय या चळवळीची ताकद आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होत नाहीत. प्रस्तुत लेखात साचेखात्यातील अस्पृश्यतेच्या संदर्भात कामगार ऐक्याच्या प्रश्नाचा विचार केला आहे.

खातेविभागणी आणि जात :
कोकण व देशावरून आलेले सर्व जातींचे लोक गिरण्यांत काम करीत. तथापि साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. ते मुख्यत्वे रिंगखात्यात व इतर कमी वेतनाच्या कामांवर असत. यासाठी पुढे केले जाणारे कारण तांत्रिक स्वरूपाचे होते. कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तोच धोटा अस्पृश्याच्या तोंडाला लागल्यास विटाळ होतो, अशी सवर्ण विणकरांची भूमिका होती. साचेखात्यातील मजुरी अधिक असल्याने या विटाळाला आर्थिक अर्थही होता. शिवाय कामगारभरती जॉबरच्या हाती असे आणि तो गाव, नाते व जात पाहून माणसे घेई. त्यामुळे लेखी नियम नसतानाही ही बंदी टिकून राहिली.

१९२८ चा संप :
एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात सहभागी होते. विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, ही मालकांची योजना संपाचे एक प्रमुख कारण होती. म्हणजेच ज्या खात्यातील रोजगाराच्या रक्षणासाठी अस्पृश्य कामगार उपाशी राहत होता, त्या खात्याचे दार त्यालाच बंद होते. ही विसंगती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उघड केली. अस्पृश्यांना साचेखात्यात काम करण्याचा हक्क मिळावा, ही मागणी समाविष्ट न केल्यास आपण त्यांना संपापासून परावृत्त करू, असा इशारा त्यांनी दिला. संपाच्या नेत्यांनी ती मागणी अनिच्छेनेच स्वीकारली. मागण्या मालकांपुढे गेल्या तेव्हा, हा अन्याय असेल तर त्याचा दोष आमच्याकडे नाही, असे उत्तर मालकांनी दिले. हे उत्तर सोयीचे असले तरी पूर्णतः असत्य नव्हते. १९२९ च्या संपाला डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, त्यामागे ही पार्श्वभूमीही लक्षात घ्यावी लागते.

१९३८ चा टप्पा :
फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे भरलेल्या रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे प्रतिपादन केले. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर समतेचा व बंधुभावाचा नकार, असा अर्थ त्यांनी स्पष्ट केला. त्याच वर्षी संपाच्या हक्कावर मर्यादा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर रोजी एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट एकत्र आले, डॉ. आंबेडकर, श्रीपाद अमृत डांगे आणि जमनादास मेहता एका व्यासपीठावर दिसले. विधेयक मात्र संमत झाले.

निष्कर्ष :
१) साचेखात्यातील बंदी केवळ मालकांनी लादलेली नव्हती, जॉबरची भरतीपद्धती आणि सवर्ण कामगारांचा हितसंबंध यांवर ती उभी होती.
२) डॉ. आंबेडकरांचा १९२८ मधील इशारा संपविरोधी ठरविणे एकांगी आहे. १९३८ चा संप पाहता त्यांचा आक्षेप संपाला नसून असमान ऐक्याला होता, असे दिसते.
३) वर्गीय ऐक्य हे कारखान्यात आपोआप निर्माण होत नाही. ज्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करावयाची, त्याला लाभातही वाटा द्यावा लागतो. कामगार इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच संपाच्या मैदानाइतकेच खात्याच्या दाराकडेही पाहणे आवश्यक आहे.